कवचातल्या पेशींचा श्वास

टाइप-१ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच स्वादुपिंडातल्या बीटा पेशी मारून टाकते. रक्तातली साखर मोजायची आणि त्या मानाने इन्सुलिन सोडायचं, हे काम या पेशींचं. त्या गेल्या की माणूस आयुष्यभरासाठी सुईवर येतो. दुसऱ्याच्या पेशी आणून बसवल्या तर? तेही करता येतं. २००० साली कॅनडातल्या एडमंटनमध्ये जेम्स शपिरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात रुग्णांच्या यकृतात दात्यांच्या बीटा पेशींचे पुंजके सोडल्याचं प्रसिद्ध केलं. सातही जणांचं इन्सुलिन सुटलं होतं. मात्र शरीराने त्या परक्या पेशींवर तुटून पडू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं रोज घ्यावी लागली. या औषधांमुळे जंतुसंसर्ग लवकर होतो, काही कर्करोगांचा धोका वाढतो आणि मूत्रपिंडाला इजा पोहोचू शकते. ज्याचं इन्सुलिनवर बरं चाललं आहे, त्याच्यासाठी हा सौदा महागच.

यातून दुसरी कल्पना पुढे येते. औषधांनी सगळ्या शरीराची प्रतिकारशक्ती दाबण्याऐवजी पेशींनाच एका पातळ पॉलिमरच्या आवरणात ठेवायचं. आवरणाची छिद्रं एवढी बारीक, की साखर, ऑक्सिजन आणि इन्सुलिन आरपार जावं, पण हल्लेखोर पेशी आणि प्रतिपिंडं बाहेरच अडावीत. असं निवडक आरपार जाऊ देणाऱ्या आवरणाला अर्धपार्य म्हणतात.

कल्पना ऐकताक्षणी पटते आणि तिचं वय नव्वदीच्या पुढे आहे. विन्चेन्झो बिशेल्ये यांनी १९३३ साली गाठीच्या पेशी पॉलिमरच्या पिशवीत घालून दुसऱ्या जातीच्या प्राण्याच्या पोटात ठेवल्या होत्या. तरीही मधुमेहासाठी असं कवच आजही नेहमीच्या उपचारात नाही. कारण शत्रूला बाहेर ठेवण्यापेक्षा आतल्या पेशींना जगवणं फार अवघड निघालं. पुढचं सगळं विवेचन या एका अडचणीभोवती फिरतं.

छिद्र किती मोठं असावं?

रेणूंचं आकारमान ढोबळपणे त्यांच्या वजनावरून, म्हणजे डाल्टन या एककात सांगतात. ऑक्सिजन ३२ डाल्टन, ग्लुकोज १८०, इन्सुलिन सुमारे ५,८००. पेशींना लागणारी काही वाहक प्रथिनं याहून मोठी: अल्ब्युमिन ६६ हजारांच्या आसपास, लोह वाहणारं ट्रान्सफेरिन ८० हजारांच्या. आता अडवायचं काय ते पाहू. आयजीजी हे प्रतिपिंड दीड लाख डाल्टनचं, तर आयजीएम सुमारे नऊ लाखांचं. प्रतिपिंड चिकटल्यावर पेशी फोडण्याची साखळी सुरू करणारा सीवनक्यू हा घटक चार लाखांहून मोठा. म्हणजे लाख-सव्वा लाख डाल्टनच्या आसपास चाळणी ठेवली की काम भागावं.

कागदावर भागतंही. पण आवरण बहुधा जेलचं असतं, आणि जेलमधली छिद्रं चाळणीच्या भोकांसारखी एकसारखी नसतात. ती गुंतलेल्या धाग्यांमधली वेडीवाकडी पोकळी असते, कुठे अरुंद, कुठे ऐसपैस. त्यामुळे अमुक एक लाख डाल्टनची मर्यादा याचा अर्थ एवढाच, की त्याहून मोठे बहुतेक रेणू बराच काळ बाहेर राहतात. महिनाभर वाट पाहिली तर थोडे आत शिरतातच.

त्याहून मोठी अडचण सायटोकाइन्सची. दाह पेटल्यावर बाहेरच्या पेशी हे निरोपे रेणू सोडतात. त्यांतला आयएल-१ बीटा जेमतेम १७ हजार डाल्टनचा, आणि बीटा पेशींना तो विषासारखा बाधतो. इन्सुलिन बाहेर जाईल पण हा आत येणार नाही असं छिद्र करता येत नाही, कारण दोघांच्या आकारात पुरेसं अंतरच नाही. नायट्रिक ऑक्साइडसारखे चिमुकले घातक रेणू तर कुठलंही आवरण ओलांडतात. त्यामुळे आवरणाच्या भोवती दाह होऊ न देणं हाच खरा बचाव ठरतो. छिद्र बारीक करत जाऊन तो साधत नाही.

गळती उलट दिशेनेही होते. आत पेशी मेल्या की त्यांच्या प्रथिनांचे तुकडे बाहेर झिरपतात, बाहेरच्या भक्षक पेशी ते उचलतात आणि रोगप्रतिकारयंत्रणेला वर्दी देतात. दाता माणूसच असेल तर ही वर्दी सौम्य असते. डुकराच्या पेशी वापरल्या तर प्रथिनं जास्त परकी, वर्दीही जोरदार. म्हणून माणसाच्या पेशींना जे कवच पुरतं ते डुकराच्या पेशींना पुरेल असं गृहीत धरता येत नाही.

खरा तुटवडा ऑक्सिजनचा

स्वादुपिंडात बीटा पेशी लँगरहॅन्सच्या द्वीपकांमध्ये, म्हणजे छोट्या पुंजक्यांमध्ये राहतात. एक पुंजका साधारण १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) रुंद, त्यात हजार-दोन हजार पेशी. सगळे पुंजके मिळून स्वादुपिंडाचा एक-दोन टक्केच भाग होतो, पण त्या अवयवाच्या रक्तापैकी १० ते १५ टक्के त्यांच्याकडे जातं. प्रत्येक पुंजक्यात केशवाहिन्यांचं दाट जाळं असतं आणि जवळजवळ प्रत्येक पेशी रक्ताला टेकून बसलेली असते. इतक्या लाडात वाढलेल्या पेशी.

त्यांना स्वादुपिंडातून सोडवलं की हे जाळं तुटतं. यकृतात मोकळे सोडलेले पुंजके दोन-तीन आठवड्यांत नव्या रक्तवाहिन्या ओढून घेतात. कवचात असलेल्यांना ती सोय कधीच मिळत नाही, कारण रक्तवाहिनी म्हणजेसुद्धा पेशीच, आणि पेशींना तर आपण बंदी घातली आहे. मग जे काही यायचं ते झिरपूनच.

झिरपण्याचा नियम कठोर आहे: अंतर दुप्पट झालं की वेळ चौपट होतो. आणि ऑक्सिजन मुळात पाण्यात फार कमी विरघळतो. पोटाच्या पोकळीत किंवा त्वचेखाली ऑक्सिजनचा दाब ४० मिलिमीटर पारा किंवा त्याहून कमी असतो. एवढ्या दाबाला ऊतींच्या पाण्यात ऑक्सिजनचं प्रमाण सुमारे ०.०५ मिलिमोलर येतं. त्याच पाण्यात ग्लुकोज ५ मिलिमोलर, म्हणजे शंभरपट. आणि ग्लुकोजचा एक रेणू पूर्ण जाळायला ऑक्सिजनचे सहा रेणू लागतात. अन्नाआधी हवा संपणार हे या आकड्यांतच लिहिलेलं आहे. ऊतीत रक्तवाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रॉनपलीकडे पेशी तग धरत नाहीत, असा अंदाज सगळीकडे धरला जातो तो यामुळेच.

बीटा पेशी गुदमरून मरण्याच्या बऱ्याच आधी इन्सुलिन सोडणं थांबवतात, हे ध्यानात ठेवायला हवं. जिवंत-मृत दाखवणारे रंग वापरून तपासलं तर पुंजका ठणठणीत हिरवा दिसतो, आणि रुग्णाची साखर मात्र हलत नाही.

आकारमानाचा हिशेब

एका प्रौढ माणसासाठी पाच लाख पुंजके लागतील असं धरू. १५० मायक्रॉनच्या एका पुंजक्याचं आकारमान काढून पाच लाखांनी गुणलं तर जेमतेम ०.९ मिलिलिटर येतं. चहाच्या चमच्याचा पाचवा भाग. आता प्रत्येक पुंजका ६०० मायक्रॉन व्यासाच्या गोळीत घातला, तर गोळ्यांचं आकारमान ५६ मिलिलिटर होतं, आणि गोळ्यांमधली मोकळी जागा धरून भांड्यात ते ९० मिलिलिटरच्या घरात जातं. व्यास चौपट, आकारमान चौसष्टपट.

यकृताच्या शिरेत हे सोडणं अशक्य; शीर तुंबेल. म्हणून गोळ्या पोटाच्या पोकळीत ओततात. तिथे जागा मुबलक, पण त्या खाली ओटीपोटात साचतात, एकमेकींना चिकटून ढीग होतो आणि ढिगाच्या मधल्या गोळ्यांना ऑक्सिजन पोहोचत नाही. गोळीचा व्यास ३०० मायक्रॉनवर आणला तर तेच आकारमान ७ मिलिलिटरवर येतं. मग लहानच का करत नाहीत? त्याचं उत्तर पुढे येईल. लहान गोळीवर शरीर वेगळ्याच कारणाने चिडतं.

दुसरा मार्ग गोळ्यांऐवजी एकच सपाट पाकीट करण्याचा. दोन पटलं, कडा सीलबंद, मध्ये पेशींचा थर. बिघडलं तर एका छोट्या शस्त्रक्रियेत अख्खं काढता येतं, ही याची मोठी जमेची बाजू. पण इथेही हिशेब सुटत नाही. पेशी दाटीवाटीने भरल्या तर मधल्या गुदमरतात, म्हणून आतल्या जागेच्या पाचेक टक्केच ऊती ठेवली आणि थर अर्धा मिलिमीटर जाड केला, तर पाच लाख पुंजक्यांना सुमारे ३५० चौरस सेंटिमीटरचं पाकीट लागतं. ए-फोर कागदाच्या अर्ध्याहून मोठं. ते त्वचेखाली घडी न पडता, न दुमडता, वर्षानुवर्षं राहायला हवं. पाकिटाचं पटल दुहेरी करण्याची एक चांगली रीत आहे: आतल्या थराची छिद्रं ०.४ मायक्रॉनची, पेशी अडवणारी. बाहेरच्या थराची ५ मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे रक्तवाहिन्या त्या थरात शिरून पेशींच्या जवळ येतात. ०.४ मायक्रॉनमधून प्रतिपिंडं मात्र सहज जातात, म्हणून असं पाकीट माणसाच्या पेशींसाठी ठीक, डुकराच्या पेशींसाठी नाही.

तिसरा प्रकार पुंजक्याला अंगाबरोबर काही मायक्रॉनचा लेप देण्याचा. आकारमान वाढत नाही, ऑक्सिजनही बरा मिळतो. पण एखाद्या ठिकाणी लेप विरळ राहिला की तिथूनच घात होतो.

गोळी कशी करतात

सर्वांत जास्त वापरलं जाणारं द्रव्य अल्जिनेट. तपकिरी समुद्रशेवाळातून काढलेली ही लांब साखळीची शर्करा. साखळीत दोन प्रकारचे मणी असतात, जी आणि एम. जी मण्यांच्या सलग पट्ट्या शेजारी शेजारी आल्या की त्यांच्यामधल्या खोबणीत कॅल्शियमचा आयन अंड्याच्या ट्रेमध्ये अंडं बसावं तसा बसतो आणि साखळ्या जोडल्या जाऊन जेल बनतं. जी जास्त असेल तर जेल ताठ, छिद्रं मोठी. एम जास्त असेल तर जेल मऊ आणि फुगणारं. या क्रियेला उष्णता लागत नाही, विषारी द्रावक लागत नाही, पेशींना धक्का बसत नाही. म्हणून चाळीसहून अधिक वर्षं दुसरी द्रव्यं शोधूनही लोक फिरून अल्जिनेटकडेच येतात.

शेवाळातून येताना ते एकटं येत नाही. जिवाणूंचं एंडोटॉक्सिन, पॉलिफेनॉल आणि प्रथिनं सोबत येतात. बाजारातलं खाद्यपदार्थांच्या दर्जाचं अल्जिनेट वापरून पोटात गोळ्या घातल्या तर रिकाम्या गोळ्यांभोवतीसुद्धा दाह पेटतो. प्रत्यारोपणासाठी अतिशुद्ध दर्जाच लागतो, ज्यात एंडोटॉक्सिन एका ग्रॅममागे १०० एककांहून कमी असतं. प्रयोगशाळांचे निकाल एकमेकांशी जुळत नाहीत, त्यामागे बऱ्याचदा द्रव्याच्या शुद्धतेतला फरक असतो.

द्रावण दीड ते दोन टक्क्यांचं करतात, क्षारयुक्त आणि फॉस्फेट नसलेल्या द्रवात. फॉस्फेट टाळण्याचं कारण साधं: ते कॅल्शियमला पकडून साका करतं, जेल दुधाळ आणि कमजोर होतं. द्रावण बारीक गाळणीतून निर्जंतुक करायचं, बुडबुडे काढण्यासाठी सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. पुंजके आधी धुवून त्यांच्यावरचं पोषकद्रव्य काढायचं, नाहीतर त्यातलं कॅल्शियम सिरिंजमध्येच गाठी धरतं. मग ते अल्जिनेटमध्ये हळुवार मिसळायचे. जोरात पिपेट मारलं तर पुंजके फुटतात.

किती मिसळायचे? ६०० मायक्रॉनच्या सुमारे ८,८०० गोळ्या एका मिलिलिटरमधून होतात. तेवढेच पुंजके घातले तर प्रत्येक गोळीत एक येईल असं वाटतं, पण थेंबात पुंजका पडणं हा योगायोग असतो. सरासरी एक ठेवली की ३७ टक्के गोळ्या रिकाम्या जातात, ३७ टक्क्यांत एक आणि उरलेल्या २६ टक्क्यांत दोन किंवा अधिक पुंजके येतात. सरासरी दोन केली तर रिकाम्या १४ टक्क्यांवर उतरतात, पण दाटी वाढते आणि पुंजका कडेला येऊन पृष्ठभागातून डोकं बाहेर काढण्याची शक्यताही. उघडं पडलेलं ते टोक म्हणजे प्रतिकारयंत्रणेला दिलेलं आमंत्रण. रिकाम्या गोळ्या निरुपद्रवी वाटतात, पण त्या आकारमान वाढवतात आणि परक्या वस्तूचा पृष्ठभागही.

मिश्रण सिरिंजमध्ये भरून बारीक बोथट सुईतून मिनिटाला ०.१ ते ०.२ मिलिलिटर वेगाने ढकलतात. नुसत्या गुरुत्वाकर्षणाने पडणारा थेंब दोन-तीन मिलिमीटरचा असतो. तो लहान करायला सुईभोवतून हवेचा झोत सोडतात, किंवा सुई आणि खालचं द्रावण यांच्यात ५ ते ८ किलोव्होल्ट विद्युतदाब लावतात. विद्युतदाब थेंबाला खाली खेचतो आणि तो लवकर सुटतो. दाब वाढवला की थेंब लहान, एका मर्यादेपुढे मात्र धार फाटून लहान-मोठे थेंब एकत्र पडू लागतात.

इथे चुका होतात त्या अशा. द्रावण फार पातळ असेल तर थेंब पाण्यावर आपटून चपटा होतो. फार घट्ट असेल तर त्याला शेपूट येतं. शेपटीच्या टोकाशी पुढे दाह सुरू होतो, म्हणून अशी गोळी बादच. सुई द्रावणाच्या फार जवळ असली तर थेंबाला गोल व्हायला वेळ मिळत नाही, फार उंच असली तर आपटतो. पुंजके अल्जिनेटपेक्षा जड असतात; सिरिंज वीस मिनिटं उभी राहिली की ते खाली बसतात, आणि सुरुवातीच्या गोळ्या गच्च, शेवटच्या पोकळ निघतात. त्यामुळे एका वेळी थोडंच मिश्रण भरणं चांगलं.

खालच्या द्रावणात १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड आणि सामू ७.४ राखणारं बफर असतं. १०० मिलिमोलर हा आकडा उगाच नाही: एका रेणूचे तीन आयन होतात, म्हणजे एकूण ३०० मिलिऑस्मोल, जे रक्ताच्या जवळपास आहे. त्यामुळे पेशी फुगत किंवा आक्रसत नाहीत. गोळ्या त्यात पाच ते दहा मिनिटं ठेवून धुतात. कॅल्शियमऐवजी १० ते २० मिलिमोलर बेरियम घेतलं तर जेल जास्त घट्ट बसतं. मात्र तेव्हा रक्ताएवढा परासरण दाब आणायला मीठ किंवा मॅनिटॉल घालावं लागतं. बेरियम पोटॅशियमच्या वाहिन्या बंद करतं आणि बीटा पेशी इन्सुलिन सोडण्यासाठी याच जातीच्या वाहिन्यांवर अवलंबून असतात, म्हणून धुण्यात कसूर चालत नाही.

बेरियमकडे वळण्याचं कारणही आहे. शरीरात सोडियम भरपूर असतं. ते हळूहळू कॅल्शियमला खोबणीतून ढकलतं, जेल फुगतं, छिद्रं रुंदावतात, काही गोळ्या फुटतात. हे रोखायला जुनी युक्ती म्हणजे गोळीवर पॉली-एल-लायसिनचा थर. हे धनभारित द्रव्य ऋणभारित अल्जिनेटला घट्ट बिलगतं. ०.०५ ते ०.१ टक्क्याच्या द्रावणात पाच ते दहा मिनिटं बुडवलं की मजबूत पापुद्रा तयार होतो, आणि वेळ व रेणूची लांबी बदलून छिद्रांचा आकारही आवरता येतो. पण धनभारित पृष्ठभाग भक्षक पेशींना चुंबकासारखा ओढतो. म्हणून वरून पुन्हा ०.१ ते ०.२ टक्के अल्जिनेटचा हात द्यायचा. तो हात अपुरा पडला, एखादा ठिपका जरी झाकायचा राहिला, तरी शरीर तो शोधून काढतं. काही जण शेवटी सोडियम सायट्रेटने आतलं जेल विरघळवून टाकत. त्याने झिरपणं सुधारतं, पण गोळी पाण्याच्या फुग्यासारखी नाजूक होते. आता ही पायरी बहुतेक गाळली जाते, आणि ते योग्यच आहे असं आमचं मत.

तयार गोळ्यांची तपासणी तीन अंगांनी करावी. पेशी जिवंत आहेत का, हे हिरव्या-लाल रंगांनी. कवच टिकतं का, हे शुद्ध पाण्यात टाकून, कारण तिथे गोळी फुगते आणि कमजोर असेल तर तडकते. आणि पेशी काम करतात का, हे साखर बदलून: आधी २.८ मिलिमोलर ग्लुकोज, मग १६.७, म्हणजे १०० मिलिलिटरमागे ५० आणि ३०० मिलिग्रॅम. दुसऱ्या वेळी इन्सुलिन निदान दुपटीने वाढायला हवं. तिसऱ्या कसोटीला सर्वांत जास्त महत्त्व द्यावं. तीही शक्य असेल तर कमी ऑक्सिजनच्या पेटीत घ्यावी, कारण मोकळ्या हवेतल्या बशीत पेशींना मिळणारा ऑक्सिजन पोटात कधीच मिळणार नाही.

शरीर भिंतीबाहेर भिंत बांधतं

बाहेरची कुठलीही वस्तू शरीरात गेली की काही मिनिटांत तिच्यावर प्रथिनांचा लेप बसतो. तो पाहून भक्षक पेशी येतात. वस्तू गिळता येत नाही असं दिसलं की त्या एकमेकींत मिसळून राक्षसी पेशी बनवतात आणि तंतू विणणाऱ्या पेशींना हाक मारतात. दोन-चार आठवड्यांत वस्तूभोवती कोलॅजनचा दाट कोष तयार. हृदयाच्या पेसमेकरला अशा कोषाने फारसं बिघडत नाही. पेशींच्या गोळीला त्याने फास बसतो: आधीच तुटपुंजा ऑक्सिजन आता या जिवंत, स्वतः ऑक्सिजन खाणाऱ्या थरातून यायचा असतो.

२००९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आलेल्या अहवालात हे स्पष्ट दिसलं. बेरियम-अल्जिनेटच्या गोळ्यांतून माणसाचे पुंजके रुग्णांच्या पोटात सोडले होते. एका रुग्णाच्या पोटात १६ महिन्यांनी दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा गोळ्या होत्या, धड होत्या, पण तंतूंनी वेढलेल्या, आणि आतले पुंजके मेलेले.

या आघाडीवर दोन शोध महत्त्वाचे. २०१५ मध्ये दाखवलं गेलं, की अर्ध्या मिलिमीटरपेक्षा दीड मिलिमीटरच्या गोळीवर उंदरांच्या शरीरात कितीतरी कमी कोष बसतो. लहान गोळ्यांचा मोह का आवरावा, याचं हे उत्तर. पण दीड मिलिमीटरच्या गोळीचं केंद्र पृष्ठभागापासून ७५० मायक्रॉनवर जातं, म्हणजे कोष टाळावा तर ऑक्सिजन हातचा जातो. दुसरा शोध अल्जिनेटच्या साखळीला छोटे रासायनिक गट जोडण्याचा. शेकडो प्रकार तपासून निवडलेल्या अशा एका अल्जिनेटमध्ये मूळ पेशींपासून, म्हणजे हव्या त्या प्रकारच्या पेशी बनू शकणाऱ्या पेशींपासून, केलेल्या माणसाच्या बीटा पेशी घालून, २०१६ मध्ये प्रतिकारशक्ती शाबूत असलेल्या उंदरांची साखर १७४ दिवस ताब्यात ठेवण्यात आली. निकाल भरघोस होता, तरी उंदीर म्हणजे माणूस नव्हे. कोष बसण्याची तीव्रता जातीगणिक, अगदी उंदराच्या वाणागणिकही बदलते.

आजवरचा प्रवास

मॉन्ट्रियलच्या थॉमस चँग यांनी १९६४ मध्ये अर्धपार्य सूक्ष्मकवचांची कल्पना मांडली. फ्रँकलिन लिम आणि अँथनी सन यांनी १९८० मध्ये अल्जिनेटच्या कवचातले पुंजके मधुमेही उंदरांना दिले आणि साखर दोन-तीन आठवडे आवाक्यात राहिली. उघडे पुंजके आठवड्याभरातच निकामी झाले होते. १९९४ मध्ये पॅट्रिक सून-शिओंग यांच्या गटाने एका रुग्णाचं इन्सुलिन सुटल्याचं कळवलं, पण त्या रुग्णाला मूत्रपिंड बदलल्यामुळे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं आधीपासून चालू होती. कवचाचं श्रेय किती आणि औषधांचं किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही.

ऑक्सिजनवर थेट घाव घालायचा प्रयत्न स्वीडनमधल्या उप्सालात झाला. पाकिटातच हवेचा कप्पा ठेवला आणि तो रोज बाहेरून भरला. २०१८ मध्ये चार रुग्णांचे निष्कर्ष आले: पेशी काही महिने जगल्या, पण त्यांनी सोडलेलं इन्सुलिन इतकं थोडं होतं की उपचारात फरक पडला नाही.

सर्वांत बोलकी तुलना २०२५ ची. व्हर्टेक्स या कंपनीने मूळ पेशींपासून बनवलेले पुंजके उघडे, यकृतात, औषधांच्या पहाऱ्यात दिले. पूर्ण मात्रा मिळालेल्या बारा जणांपैकी दहा जण वर्षाअखेर इन्सुलिनशिवाय होते. त्याच पेशी पाकिटात घालून औषधांशिवाय दिल्या, तेव्हा उपकरण सुरक्षित ठरलं, पण इन्सुलिन पुरेसं आलं नाही आणि कंपनीने तो प्रयत्न थांबवला. पेशी तीच. फरक भिंतीचा.

मग कवच जमलं ते कुठे? डोळ्यात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने दृष्टिपटलाच्या एका दुर्मिळ विकारावर, टाइप-२ मॅक्युलर टेलँजिएक्टेशियावर, कवचबद्ध पेशींच्या उपचाराला मान्यता दिली. सुमारे सहा मिलिमीटर लांबीची एक नळी, तिच्या आत धाग्यांच्या आधारावर दोन ते साडेचार लाखांच्या दरम्यान पेशी. त्या चेतापेशींना जगवणारं एक प्रथिन सतत सोडतात. नळी डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला टाक्याने अडकवलेली असते. इथे कवचाला यश येण्यासारखं बरंच काही आहे. डोळ्यात प्रतिकारयंत्रणा मुळात सबुरीने वागते. प्रथिन नॅनोग्रॅममध्ये पुरतं. साखर पाहून क्षणोक्षणी मात्रा बदलायची नसते. पेशी काटक, ऑक्सिजनची भूक कमी. आणि पाच लाख पुंजके, म्हणजे पन्नास कोटींहून जास्त पेशी, यांच्यापुढे दोन-चार लाख म्हणजे काहीच नाही.

नवा निकाल वाचताना

कवचाने मधुमेह बरा झाल्याच्या बातम्या येत राहतील. त्यात आधी सी-पेप्टाइडचा आकडा शोधावा. शरीरातली पेशी इन्सुलिन बनवते तेव्हा मूळ साखळीतून हा तुकडा कापला जातो आणि इन्सुलिनबरोबरच रक्तात येतो. टोचायच्या इन्सुलिनमध्ये तो नसतो. त्यामुळे रुग्ण सुई घेत असला तरी बसवलेल्या पेशी काम करतात की नाही, हे सी-पेप्टाइड सांगतं. नुसती साखर सुधारली असेल, तर ती चांगल्या देखरेखीमुळेही सुधारलेली असू शकते; चाचणीत सहभागी झालेला माणूस काळजी जास्त घेतोच.

उंदरांच्या प्रयोगात आणखी एक खोट राहू शकते. त्यांना औषध टोचून मधुमेह केलेला असतो आणि कधी कधी त्यांच्या स्वतःच्या बीटा पेशी पुन्हा उगवतात. म्हणून प्रयोगाच्या शेवटी गोळ्या किंवा पाकीट काढून घ्यायचं. काढल्यावर एक-दोन दिवसांत साखर परत वर चढली, तरच तोवरचं काम कवचातल्या पेशींनी केलं होतं असं म्हणता येतं.